पहाटेचा दीड तास कुणाचा?



डिसेंबरातल्या आमच्या गटाच्या बैठकीला मी उशिरा पोचले. रविवार होता, सकाळी २६ किलोमीटर पळून आले होते आणि जिना चढताना गुडघे कुरकुरत होते. कुणीतरी उशिराचं कारण विचारलं, मी खरं ते सांगून टाकलं. जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतर, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर, पळायचं ठरवलंय, त्याचा सराव चालू आहे. दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. पण आमच्यातली एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "ही मध्यमवर्गीय चैन आहे. बायकांना पाण्यासाठी मैलोन् मैल चालावं लागतं आणि तू महागाचे बूट घालून हौसेनं पळतेस. यात बाईच्या प्रश्नाचं काय आहे?"

मी गप्प बसले. घरी आल्यावर राग आला, मग तिचं थोडं पटलं, मग पुन्हा राग आला. म्हणून त्यानंतरचा सरावाचा एक आठवडा जसा गेला तसा तुमच्यापुढे ठेवते.

मी ४७ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठी आमचं तालुक्याचं गाव. घरात नवरा आणि ८२ वर्षांच्या सासूबाई. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना आधाराशिवाय उठता येत नाही. चार वर्षांपूर्वी मी पळायला लागले तेव्हा सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलंय. डॉक्टरांनी काहीही सांगितलं नव्हतं. मला पळावंसं वाटलं, एवढंच. पण "मला वाटलं" हे कारण बाईच्या तोंडी शोभत नाही, औषध म्हणून सांगितलं की चालतं. तसाही आपल्या भाषेत ‘बाई पळाली’ याचा एकच अर्थ होतो!

सोमवारी विश्रांती, म्हणजे पळण्यापुरती.

मंगळवारी ८ किलोमीटर संथ. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमाराला वर येतो आणि मला साडेदहाची शाळा, सासूबाईंची अंघोळ, स्वयंपाक. त्यामुळे पाचला बाहेर पडावंच लागतं, आणि पाचला अंधार असतो. गावात सलग दिवे असलेला रस्ता एकच, एसटी स्टँडपासून बाजार समितीपर्यंत. जाऊन येऊन दोन किलोमीटर. मी त्यावर चार फेऱ्या मारते, घाण्याच्या बैलासारख्या. पळणाऱ्या पुरुषांचा गट त्याच वेळी अंधारातून घाटाकडे जातो. चढावर पळल्यानं पायांत ताकद येते हे मलाही ठाऊक आहे. पण तो चढ माझ्यासाठी उजाडल्यावर उघडतो, आणि उजाडल्यावर माझा वेळ बंद होतो. स्टँडवरच्या बायकांच्या मुतारीला त्या वेळी कुलूप असतं. पाळीच्या दिवसांत मी स्टँडऐवजी घराभोवतीच्या गल्लीत फेऱ्या मारते. मुंबईत बायकांनी २०११ साली ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू केली तेव्हा पुष्कळ लोक हसले होते. पहाटे पाचला कुलूपबंद दारासमोर उभं राहिलं की त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळत नाही.

बुधवारी मैदानावर वेगाचा सराव. आठशे मीटर जोरात, मग थोडं चालणं, असं सहा वेळा. तिथे पोलीसभरतीची तयारी करणारी मुलं-मुली असतात. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून सात-आठ मुली येतात, कुणाला भाऊ सोडतो, कुणाला बाप. भरतीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. १९९४ च्या महिला धोरणात सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के आरक्षणाचं बोलणं झालं तेव्हा आपल्यापैकी अनेकजणी मोर्चात होत्या. त्याचं एक फळ हे, की आज बाप मुलीला स्वतः मैदानावर आणून सोडतो. एकीला विचारलं, भरती झाली की पळणार का? ती म्हणाली, "मग कशाला, मॅडम?" याच जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी पळली. त्याचं कौतुक गावोगाव झालं आणि व्हायलाच हवं. पण पदक, नोकरी, बक्षीस यांपैकी काही समोर नसताना मुलगी पळेल याची कल्पना अजून आपल्याकडे नाही.

लता करे आठवतात? नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून, अनवाणी पळल्या आणि जिंकल्या. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला. त्यांच्या जिद्दीपुढे मी नतमस्तक आहे. तरी ती गोष्ट ऐकून ज्यांचे डोळे पाणावले त्यांना मला विचारावंसं वाटतं, नवरा ठणठणीत असता आणि ही बाई सहज, मजेनं पळाली असती, तर तुम्ही काय म्हणाला असता? आणि एका म्हाताऱ्या बाईला तपासणीच्या खर्चासाठी शर्यतीत उतरावं लागतं, यावर रडायचं की चिडायचं?

पाश्चात्त्य देशांतही हे फार जुनं नाही. १९२८ साली ॲमस्टरडॅमला बायका आठशे मीटर पळल्या, त्या कोसळल्या अशा बातम्या छापून आल्या, आणि ती शर्यत १९६० पर्यंत ऑलिम्पिकमधून काढून टाकली. १९६७ साली बोस्टनमध्ये कॅथरीन स्वित्झरच्या अंगावरचा क्रमांक फाडायला संयोजकांपैकी एकजण भर रस्त्यात धावून आला. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन सुरू झाली ती थेट १९८४ साली. म्हणजे मी शाळेत जात होते तेव्हा!

आता गुरुवार. माझं म्हणणं या दिवसाभोवती आहे.

गुरुवारी १२ किलोमीटर होते. दुसऱ्या फेरीत स्टँडजवळ समोरून एक बाई झपाझप येताना दिसली, डोक्यावरून शाल, हातात मोबाइलची बॅटरी. जवळ आल्यावर कळलं, आमच्या मावशी. बैठकीत आपण ‘घरेलू कामगार’ म्हणतो, २००८ च्या कल्याण मंडळाच्या कायद्यावर बोलतो. घरी मात्र मावशी. त्या आमच्याकडे पूर्वी आठला यायच्या. माझा सराव वाढला तसं मीच त्यांना म्हटलं होतं, गुरुवारी आणि रविवारी साडेपाचला याल का, आईंना उठवायला, चहा द्यायला कुणीतरी हवं. महिन्याला तीनशे रुपये वाढवले होते आणि आपण न्यायानं वागलो असं समजत होते.

त्या थांबल्या, मी थांबले. "ताई, तुमचं बरंय," त्या हसून म्हणाल्या, "तुमी पळता ते घड्याळात तरी दिसतं." वस्तीपासून आमचं घर तीन किलोमीटर आहे. जाऊन येऊन सहा, आणि मधे आणखी चार घरं. वस्तीपासून स्टँडपर्यंतच्या वाटेवर एकही दिवा नाही. मी ज्या अंधाराला भिऊन दोन किलोमीटरच्या पट्ट्यात फेऱ्या मारते, त्याच अंधारातून मी या बाईला घराबाहेर काढलं होतं. मी विचारलं, मग तुमच्या घरचं कोण बघतं? नववीतली मुलगी, त्या म्हणाल्या. पाणी भरते, भाकरी टाकते, त्या दोन दिवशी तिचा पहिला तास बुडतो.

मी शिक्षिका आहे. पहिला तास बुडणाऱ्या मुलींच्या पालकांना मी चिठ्ठ्या पाठवते.

उरलेल्या फेऱ्या मी पळाले नाही, चालत घरी आले. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं निघालं. हे आकडे मी स्वतः शिबिरांत फळ्यावर लिहिलेत. माझ्या घरात काय झालं होतं? माझी नव्वद मिनिटं मोकळी झाली, ती मावशींच्या अंगावर गेली, त्यांच्याकडून त्यांच्या लेकीच्या. नवऱ्याच्या मिनिटांना कुठेच धक्का लागला नाही. तो सातला उठतो. तो चांगला माणूस आहे. "मी तिला कधी अडवलं नाही" असं लोकांना अभिमानानं सांगतो, आणि मीही इतकी वर्षं ते कौतुकानं ऐकत आले.

शुक्रवार विश्रांतीचा, तो भांडणात गेला. फार मोठं नाही. मी म्हटलं, मावशी आठलाच येतील, पहाटेचं तू बघ. तो म्हणाला, मला आईचं कसं जमणार? सासूबाई आतून म्हणाल्या, मुलाच्या हातून मला काही नको. याला काय उत्तर द्यायचं ते मला अजूनही सापडलेलं नाही. म्हातारीची लाज खरी आहे. शेवटी ठरलं ते असं: उठवणं, चहा, औषधं नवऱ्याकडे, अंघोळ मी आल्यावर. गुरुवारचं अंतर १२ वरून ७ वर. वाढवलेले पैसे तसेच राहतील, कारण मावशींचं एकच म्हणणं होतं, "कापू नका म्हंजे झालं." तक्त्यापेक्षा कमी तयारीनं मी मुंबईला उभी राहणार.

शनिवारी पाच किलोमीटर, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

रविवारी ३०. शर्यतीआधी तीन आठवडे सगळ्यात लांब पळायचं आणि मग हळूहळू कमी करत आणायचं, अशी पद्धत आहे. आम्ही दोघी पळत होतो, तिसरी स्कूटीवर पाणी, खजूर आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू घेऊन. कारखान्याच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, मागे दिवा नसलेले. उजाडायच्या आधी ऊसतोडीच्या कोप्यांवरून गेलो, तर तिथल्या बायका चुली पेटवून, भाकऱ्या बांधून फडाकडे निघालेल्या. जोडप्याला मिळून एक कोयता, आणि उचल नवऱ्याच्या हातात. त्यांच्यातली एक आमच्याकडे बघून खळखळून हसली. हात केला, तिनंही केला. बाविसाव्या किलोमीटरला नवऱ्याचा फोन, आईंची बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर? पाकिटावर लिहिलंय, मी म्हटलं, आणि पळत राहिले. सव्वीसच्या पुढे मांड्या दगडासारख्या झाल्या. तरीही तीस पुरे झाल्यावर जो आनंद झाला तो कशाच्या तरी उपयोगाचा आहे असं सिद्ध करायची मला आता गरज वाटत नाही.

माझ्या मैत्रिणीला माझं उत्तर असं आहे. चैन आहे, हे कबूल. पण बाईला कष्टासाठी मैलोन् मैल चालायची मुभा आहे आणि हौसेसाठी दोन किलोमीटरची नाही, हा बाईचाच प्रश्न आहे. तो ८ मार्चला गुलाबी बनियन वाटून तीन किलोमीटर पळवल्यानं सुटत नाही. त्या दिवशी रस्ता बंद करतात, पोलीस उभे करतात, पाहुणा झेंडा दाखवतो, आणि ९ मार्चला पहाटे त्याच रस्त्यावर अंधार असतो. आणि मावशींच्या जिवावर मोकळी झालेली माझी पहाट ही मुक्ती नव्हे, हेही मी तिला सांगेन. ते तिनं विचारलं नव्हतं, पण तिच्या रागात होतं.

येत्या बैठकीत मी एक अर्ज मांडणार आहे. वस्तीपासून स्टँडपर्यंत दिवे, स्टँडवरची बायकांची मुतारी पहाटे साडेचारपासून उघडी, मैदानाचं फाटक मुलींसाठी सकाळ-संध्याकाळ खुलं. मसुदा मावशींना वाचून दाखवला. त्यांनी दिव्यांच्या आधी कुत्र्यांचं घालायला सांगितलं, आणि वस्तीतल्या कामाला जाणाऱ्या बायकांच्या सह्या त्या स्वतः आणणार आहेत. त्यांना रविवारी दुपारी सवड असते, म्हणून बैठक या खेपेला सकाळी न ठेवता तीन वाजता ठेवली आहे.