घरातील वीज : दिव्याआधी होल्डर पाहावा

सणासुदीच्या आवराआवरीत जुने दिवे बदलण्याचे काम निघतेच. हौसेने आणलेला दिवा होल्डरात बसूच नये, हा अनुभवही पुष्कळ घरांत येतो. आपण वॅट पाहतो, उजेडाचा रंग पाहतो. दिव्याच्या बुडाकडे मात्र लक्ष जात नाही.

आपल्याकडे सर्वांत रुळलेला होल्डर पिनांच्या दिव्याचा. दिवा आत दाबून किंचित फिरविला की दोन्ही पिना खाचांत अडकतात. ही रीत इंग्रजी अमदानीत आली आणि टिकली. बुडाचा व्यास २२ मिलिमीटर, म्हणून खोक्यावर ‘बी २२’ असे छापलेले असते. दुसरा प्रकार आट्यांचा. इंदूर-ग्वाल्हेरकडील दुकानदार त्यास ‘चूडीवाला’ म्हणतात. त्यावरील ‘ई’ हे एडिसनच्या नावाचे आद्याक्षर. त्यात ‘ई २७’ मोठा; झुंबरातील मेणबत्तीच्या आकाराच्या दिव्यांना बहुधा ‘ई १४’ हा लहान लागतो.

आट्यांच्या होल्डरात एक गोष्ट मात्र जिवाशी गाठ घालणारी आहे. त्यातील धातूचे आटे हाच विजेचा एक मार्ग असतो. फेजची तार तळाच्या मधल्या पट्टीला व न्यूट्रलची आट्यांना जोडलेली असावी. जोडणी उलट झाली तरी दिवा बिनतक्रार लागतो. पण चालू होल्डरात दिवा बसविताना बोट आट्यांना लागले की जबर झटका बसतो. तसेच, होल्डर कोणताही असो, त्याचे बटण फेजच्या तारेवरच हवे. ते न्यूट्रलवर असेल, तर बटण बंद करूनही होल्डरात वीज राहते. जाणत्या कारागिराकडून हे एकदा तपासून घ्यावे, आणि दिवा बदलताना मेन स्विचच बंद करावा.

६० वा १०० वॅटच्या जुन्या गोळ्यांच्या उष्णतेने बेकेलाइटचे होल्डर ठिसूळ होतात. तडा दिसला, आतील स्प्रिंग ढिली पडली, दिवा लुकलुकू लागला, तर होल्डरच बदलावा. सुमारे ९ वॅटचा एलईडी दिवा ६० वॅटच्या गोळ्याइतका उजेड देतो आणि तापतोही कमी. परंतु चहूबाजूंनी बंद असलेल्या काचेच्या हंडीत त्याच्या बुडातील नाजूक भाग तापून तो लवकर निकामी होतो. तेथे बंद आवरणासाठी योग्य असे खोक्यावर नमूद केलेलाच दिवा घ्यावा.

बाजारात जाताना जुना दिवा पिशवीत टाकावा, म्हणजे मापे पाठ करावी लागत नाहीत.