मेपलचं पान नको, भाताची लोंबी विणूया!



सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. दिवाळीच्या सुट्टीआधी वर्ग सजवायचा होता. घरात उरलेल्या लोकरीची पिशवी भरून पडली होती. मोबाईलवर शरद ऋतूच्या सजावटीचे नमुने शोधले, तर नारिंगी मेपलची पानं, भोपळे आणि ओकची फळं मिळाली. दोन रात्री बसून मी क्रोशाने मेपलची पानं विणली आणि फळ्याच्या वर छान माळ लावली. सकाळी चौथीतल्या एकाने मान वर करून विचारलं, "बाई, ह्यां पान खंयच्या झाडाचां?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगताना लाज वाटली. कारण खिडकीबाहेर भात पिवळं होऊन वाकलं होतं आणि बांधावर कुरडू फुलला होता. आंबा, फणस मात्र हिरवेगार उभे होते. आपल्याकडे शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. सावर, साग पानं टाकतात ती थंडीच्या दिवसांत. म्हणजे परिसर अभ्यासाच्या तासाला मी एक ऋतू शिकवत होते आणि भिंतीवर दुसऱ्याच देशाचा ऋतू टांगत होते.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. उरलेल्या लोकरीची सजावट मुलांकडून जरूर करून घ्या, पण ती आपल्या मातीतल्या शरदाची असू द्या.

आणि नमुना शोधायला लांब जायची गरजच नाही. आपल्याकडे दाराला 'नवं' बांधतात. कुणाकडे दसऱ्याला, तर कुणाकडे आश्विन पौर्णिमेला, म्हणून तर तिला नव्याची पौर्णिमा म्हणतात. भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, झेंडू, कुरडूचा तुरा यांची जुडी दारावर चढते. शरदाची याहून चांगली सजावट कुठली?

तुम्ही म्हणाल, खरी लोंबी असताना लोकरीची कशाला? बरोबर आहे. दारावर खरीच हवी, तिची जागा लोकरीने घेऊ नये. पण वर्गाच्या भिंतीवर आपण जी प्लास्टिकची फुलं विकत आणून लावतो, त्यांची जागा लोकरीने नक्की घ्यावी. शिवाय एखादी वस्तू विणायची तर ती आधी नीट बघावी लागते. पुढच्या वर्षी मी मुलांच्या हातात एकेक लोंबी दिली. दाणे समोरासमोर आहेत की एकाआड एक? पिकलेली लोंबी वाकते, मग कोवळी सरळ का राहते? हे प्रश्न मुलांनीच काढले. आता कितीतरी मळे पड राहिलेत. लोंबी हातात न घेतलेली मुलं आपल्या वर्गात आहेत, हे मान्य करायला हवं.

करायचं कसं? पहिली-दुसरीच्या मुलांना सुई नकोच, बोटांनी साखळी घालू द्या. तिसरीपासून क्रोशाची सुई चालते. लोंबीसाठी पिवळ्या लोकरीची साधारण तीस साखळ्यांची दोरी घ्या. परत येताना एक टाका सोडून दुसऱ्यात तीन साखळ्यांचा छोटा फास अडकवत या. ते फास दाण्यांसारखे दिसतात. आंब्याच्या पानाला मधोमध उंच खांब आणि दोन्ही टोकांना आखूड टाके. कुरडूसाठी पांढरी आणि फिकी गुलाबी लोकर.

झेंडू मात्र गणिताच्या तासाला ठेवा. मधल्या गोलात 12 खांब घाला. पुढच्या फेऱ्यांत 24, 36, 48 असे दरवेळी बारा वाढवत गेलात, तर चकती सपाट राहते. बाराचा पाढाच तो! पण प्रत्येक फेरीत दुप्पट केलेत, 12, 24, 48, 96, तर कडेला जागा पुरत नाही आणि झालरी पडतात. तोच झेंडू. ही गंमत पोरखेळ नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये याच युक्तीने, टाके वाढवत नेऊन, भूमितीतला एक अवघड वक्र पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखवला. कागदावर समजायला कठीण जाणारी गोष्ट लोकरीने हातात आली.

एका पालकांनी विचारलं, "मुलग्यांनीही विणायचं?" मी म्हटलं, संध्याकाळी किनाऱ्यावर एक फेरी मारून या. होडीच्या सावलीत बसून जाळं कोण सांधतं? रापणीचं जाळं फाटलं तर सुई कोण हातात घेतं? आपल्या किनाऱ्यावर विणकाम पुरुषांचंही आहे, पिढ्यान्‌पिढ्या आहे. वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांना आम्ही बोलावलं. त्यांनी जाळ्याची गाठ दाखवली आणि मुलांनी फरक शोधला. क्रोशाचं टोक ओढलं तर सगळं उसवतं. जाळ्याचा एक धागा तुटला तरी बाकीचं जाळं टिकतं, कारण तिथे प्रत्येक भोकाला स्वतंत्र गाठ असते. असा तास मला पुस्तकातून घेता आला नसता.

एक सावधगिरी मात्र हवी. आपण दुकानातून जी 'लोकर' आणतो, ती बहुतेक अ‍ॅक्रेलिक असते. मेंढीची नव्हे, प्लास्टिकच्या जातीचीच. म्हणून सजावटीसाठी नवीन गुंडे विकत आणू नका. बाळाची टोपडी, मोजे, टीव्हीवरचे रुमाल विणून उरलेली तीच वापरा. हे तोरण निर्माल्यात टाकू नका आणि समुद्रात तर नकोच. पणतीजवळ टांगू नका, ते वितळतं. डब्यात भरून ठेवा, पुढच्या वर्षी पुन्हा काढा. आमचा डबा तिसऱ्या वर्षात आहे. दरवर्षीची चौथी त्यात आपली एक माळ जोडून जाते.

"अभ्यासक्रम कधी संपवायचा?" हा प्रश्न मलाही पडतो. पण यात परिसर अभ्यास आहे, गणित आहे, कार्यानुभव आहे आणि घरातल्या आजीशी बोलायचं निमित्त आहे. आठवड्याचे दोन तास यासाठी जास्त नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असं सुचवतं. त्यातला एक दिवस जाळं विणणाऱ्या आजोबांना आणि क्रोशावाल्या आजीला द्यायला काय हरकत आहे?

तेव्हा पालकहो, या सुट्टीत कपाटातली ती लोकरीची पिशवी बाहेर काढा. आणि विणायला बसण्याआधी मुलाला घेऊन एकदा मळ्याच्या बांधावर जाऊन या.