मासा म्हणजे सफाईयंत्र नव्हे

घरात काचेची मत्स्यटाकी आणायची ठरली की रंगीत मासे निवडून झाल्यावर दुकानदार हमखास एक सल्ला देतो, ‘सोबत एक-दोन कॅटफिश न्या, टाकी साफ ठेवतील.’ मग तळ हुंगत फिरणारा, बोटाच्या दोन पेरांएवढा एक मिशाळ मासा पिशवीत येतो. हौशी मंडळी त्याला ‘कोरी’ म्हणतात. कोरीडोरास या नावाने ओळखला जाणारा हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांचा. दुकानदाराचा सल्ला मात्र विक्रीसाठी सोयीचा आहे, विज्ञानाला धरून नाही. त्याची किंमत मोजतो तो मासा.

कोरी इतर माशांची विष्ठा खात नाही आणि काचेवरचे शेवाळही खरवडत नाही. निसर्गात तो तळातले बारीक किडे आणि अळ्या शोधून खातो. टाकीत वरच्या माशांच्या तोंडून सुटलेले खाणे तो टिपतो, हे खरे. पण त्या उष्ट्यावर त्याचे पोट भरत नाही. त्याला तळाशी बुडणारे खाद्य वेगळे द्यावे लागते, तेही शक्यतो दिवा मालवताना, म्हणजे वरचे मासे ते पळवत नाहीत. शिवाय त्याची स्वतःची विष्ठा पाण्यातच जाते. म्हणजे कोरी आणल्याने टाकीतली घाण कमी होत नाही, उलट थोडी वाढते.

टाकीची खरी सफाई डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. माशांच्या उत्सर्जनातून तयार होणाऱ्या विषारी अमोनियाचे ते आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत त्यांची वसाहत रुजायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. साठलेले नायट्रेट काढायला दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणे हा सोपा मार्ग आहे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवायचे एवढेच. ही मेहनत माणसाचीच. ती माशावर ढकलता येत नाही.

कोरीच्या गरजा त्याच्या शरीरातच लिहिलेल्या आहेत. तो वाळूत तोंड खुपसतो, अन्न ठेवतो आणि वाळू कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. दुकानात सर्रास मिळणाऱ्या रंगीत, धारदार खड्यांत त्याला हे करताच येत नाही. त्यात तळाशी कुजका गाळ साठला की नाजूक मिशा झिजतात, त्यांना जंतुसंसर्ग होतो. मिशा गेल्या की अन्न शोधण्याचे साधनच गेले. उपाय महागडा नाही. धुतलेली, बारीक, गुळगुळीत वाळू पुरते.

दुसरी गरज सोबतीची. हा कळपाचा मासा आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी कांस्य रंगाच्या कोरींचे निरीक्षण केले, तेव्हा ते एकमेकांना हलके स्पर्श करून आपल्या हालचाली जुळवत असल्याचे दिसले. अशा माशाला एकटे ठेवले की तो कोपऱ्यात दडून राहतो आणि घरचे त्याला ‘आळशी’ ठरवतात. एकाच जातीचे किमान सहा कोरी आणि त्यांच्यासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकी, हा किमान हिशेब. तळ जेवढा ऐसपैस, तेवढे बरे. गोल काचपात्र तर त्यांच्यासाठी नाहीच.

या माशाचा चिवटपणाच त्याच्या मुळावर येतो. त्याच्या अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असते. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर तो पृष्ठभागावर झेपावतो, हवा गिळतो आणि आतड्यातून प्राणवायू शोषतो. अधूनमधून असे करणे स्वाभाविक आहे. वारंवार करू लागला तर पाणी बिघडल्याची शंका घ्यावी. जिथे इतर मासे दगावतात, तिथे तो आणखी काही दिवस तग धरतो. मालकाला मात्र वाटते, सगळे छान चालले आहे. नीट सांभाळला तर सहज पाच-सात वर्षे जगणारा हा जीव अनेक घरांत काही महिन्यांत संपतो आणि त्याच्या जागी दुसरा आणला जातो.

कंटाळा आला म्हणून टाकीतले मासे तळ्यात किंवा विहिरीत सोडणे हा तर दुसरा गुन्हा. कोरीचाच दूरचा नातलग, दक्षिण अमेरिकेतला सकर कॅटफिश, असाच टाक्यांतून बाहेर पडून थेट गंगेपर्यंत पोहोचला आहे.

मासे पाळण्याचा छंद वाईट नाही. मुलांना पाण्याचे रसायन आणि जिवाची निगा एकाच वेळी शिकवणारी अशी दुसरी प्रयोगशाळा घरात क्वचितच मिळते. पण मग विकणाऱ्याने ‘टाकी केवढी, तळाला काय’ हे आधी विचारावे आणि घेणाऱ्याने सहा कोरींची सोय नसेल तर एकही घेऊ नये. टाकी साफ करण्यासाठी बादली आणि पाइप पुरेसे आहेत.