काओरचे द्राक्ष, अर्जेंटिनाचे नाव

मालबेक हे मूळचे फ्रेंच द्राक्ष. त्याला जगभर कीर्ती मिळाली ती मात्र अर्जेंटिनात. ती कीर्ती माघारी आणण्यासाठी फ्रान्समधील काओरच्या बागायतदारांनी चालवलेल्या मोहिमेचा हा ताळेबंद.

प्रतिनिधी

फ्रान्सच्या नैऋत्येस लोत नदीच्या नागमोडी खोऱ्यात काओर हे जुने शहर वसलेले आहे. चौदाव्या शतकातील दगडी पूल आणि शाईसारखी काळपट लाल वाइन या त्याच्या दोन प्रसिद्ध गोष्टी. ही वाइन ज्या द्राक्षापासून तयार होते, त्याला आज सारे जग मालबेक या नावाने ओळखते. परंतु लंडन, न्यूयॉर्क किंवा मुंबईतील दुकानात जाऊन मालबेक मागितली, तर विक्रेता जी बाटली पुढे करतो ती बहुधा काओरची नसते. ती अर्जेंटिनाची असते. आपल्याच घरातील द्राक्षाची ओळख करून देताना 'हे मूळचे आमचे' असे सांगण्याची पाळी ज्यांच्यावर आली, त्या काओरच्या उत्पादकांनी गेल्या दोन दशकांत परदेशी ग्राहकाला आपलेसे करण्याची मोठी खटपट केली. ती कितपत फळली, हा प्रश्न आता केवळ जाहिरातशास्त्राचा राहिलेला नाही. जगातील वाइनचा खप २०२४ मध्ये १९६१ नंतरच्या नीचांकावर आला आणि फ्रान्समध्ये सरकारी अनुदान घेऊन द्राक्षबागा उपटल्या जाऊ लागल्या. अशा वेळी काओरपुढे उभा असलेला प्रश्न अस्तित्वाचा आहे.

या द्राक्षाला नावांची कधी वाण नव्हती. काओरमध्ये ते ओसेर्वा, लोआर नदीच्या खोऱ्यात को, तर बोर्दोच्या काही भागांत प्रेसाक म्हणून ओळखले जाई. जनुकीय चाचण्यांतून त्याचे कूळही आता उलगडले आहे. मादलेन न्वार दे शारांत आणि प्रुनलार या दोन जुन्या वाणांचा हा संकर. यापैकी पहिला वाण मेर्लोचीही माता असल्याने जगप्रसिद्ध मेर्लो आणि मालबेक ही सावत्र भावंडे ठरतात. मेर्लो मऊ आणि मनमिळाऊ, तर मालबेक जाड सालीचे, गडद रंगाचे आणि थंड, ओल्या हंगामात तुरटपणाने जिभेला ओढ लावणारे. फुलोऱ्याच्या काळात हवा बिघडली की त्याची मणीगळ होते. त्यामुळे बोर्दोच्या बागायतदारांनी पुढे त्याच्याकडे पाठ फिरवली, तरी काओरने ते सोडले नाही.

काओरच्या दुर्दैवाची सुरुवात मात्र द्राक्षापासून नव्हे, भूगोलापासून होते. या गावाची वाइन लोत नदीतून गारोन नदीत आणि तेथून बोर्दो बंदरात जाऊन मगच समुद्रापार जाऊ शके. बंदर ज्याच्या हातात त्याचीच सत्ता, या न्यायाने बोर्दोच्या व्यापाऱ्यांनी तेराव्या शतकापासून इंग्लंडच्या राजांकडून विशेषाधिकार मिळवले आणि वरच्या मुलखातील वाइन आपल्या वाइनची विक्री होईपर्यंत बंदरात येऊ द्यायची नाही, असा नियम लावला. हे निर्बंध हटवण्याचा आदेश तुर्गो या सुधारणावादी अर्थमंत्र्याने काढला तो १७७६ साली. म्हणजे सुमारे पाचशे वर्षे काओरचा माल दुसऱ्याच्या दारात ताटकळत उभा होता. बाजारपेठ आपल्या नावावर नसणे म्हणजे काय, याचा अनुभव या मुलखाला मालबेकच्या कितीतरी आधीपासून आहे.

त्याहून विलक्षण गोष्ट रशियाची. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमधील धार्मिक विधींत वापरली जाणारी गोड लाल वाइन 'कागोर' म्हणून ओळखली जाते आणि हे नाव काओरवरूनच आलेले आहे. पुढे ही गोड, अधिक मद्यार्काची वाइन क्रिमियात आणि मोल्दोव्हात, वेगळ्या द्राक्षांपासून, तयार होऊ लागली. नाव तेवढे काओरचे उरले. अशा रीतीने पूर्वेकडे गावाचे नाव गेले आणि पश्चिमेकडे द्राक्ष गेले. दोन्हीकडून काओरच्या पदरात फारसे काही पडले नाही.

द्राक्ष पश्चिमेकडे गेले ते १८५३ च्या सुमारास. मिशेल पुझे या फ्रेंच कृषितज्ज्ञाने अर्जेंटिनातील मेंडोसा येथे फ्रेंच वाणांच्या काड्या नेल्या. तेथे कृषिशाळा आणि रोपवाटिका स्थापण्याचा प्रस्ताव १७ एप्रिल १८५३ रोजी प्रांतिक विधिमंडळापुढे आला. पुढे अर्जेंटिनाचे अध्यक्ष झालेले दोमिंगो सार्मिएन्तो हे या योजनेचे पुरस्कर्ते. त्यानंतर काही दशकांतच फिलोक्सेरा या मुळे कुरतडणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. काओर त्या घावातून पुरते सावरलेच नाही. जे थोडे उरले होते ते फेब्रुवारी १९५६ च्या भीषण हिमतडाख्याने जवळजवळ साफ केले. आज दिसणारा काओर हा त्यानंतर सहकारी संस्थेच्या आणि मोजक्या जिद्दी कुटुंबांच्या बळावर पुन्हा लावलेला काओर आहे. १९७१ मध्ये त्याला 'एओसी' हा उगमस्थानाचा अधिकृत दर्जा मिळाला. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पॉम्पिदू यांचे याच लोत परगण्यात सुटीचे घर होते, हा योगायोग गावकरी अजून आठवणीने सांगतात. तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, डेन्मार्कच्या राजघराण्याने येथील केक्सची गढी व तिच्या बागा घेतल्या. एवढे राजाश्रय लाभूनही फ्रान्सबाहेरील सामान्य ग्राहकाला काओर कोठे आहे हे ठाऊक नव्हते.

अर्जेंटिनातही मालबेकचा प्रवास सरळ नव्हता. एकेकाळी पन्नास हजार हेक्टरांहून अधिक असलेली लागवड, स्वस्त वाइनच्या हव्यासापायी बागा उपटल्या गेल्याने, १९९० च्या सुमारास जेमतेम दहा हजारांवर आली होती. मग निकोलास कातेना यांच्यासारख्या उत्पादकांनी अँडीज पर्वताच्या उंच पायथ्याशी, हजार-दीड हजार मीटरवर, नव्या बागा लावल्या. कोरडी हवा, लख्ख ऊन, बर्फ वितळून मिळणारे पाणी यांमुळे तेच तुरट द्राक्ष तेथे रसाळ आणि मखमली झाले. जानेवारी २००२ मध्ये पेसोची डॉलरशी असलेली बरोबरी संपली, चलन गडगडले आणि ही वाइन परदेशी ग्राहकाला अचानक स्वस्त वाटू लागली. बाटलीवर एकच सुटसुटीत शब्द, चवीत अडचण नाही, किंमत परवडणारी. अमेरिकेतील ग्राहकाने तिला डोक्यावर घेतले. आज अर्जेंटिनात चाळीस हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र मालबेकखाली आहे. २०११ पासून १७ एप्रिल हा 'जागतिक मालबेक दिन' म्हणून साजरा होतो. तारीख मेंडोसाच्या प्रस्तावाची, काओरच्या इतिहासातील नव्हे.

काओरपुढे तेव्हा दोन वाटा होत्या. फ्रेंच परंपरेला धरून द्राक्षाचे नाव गौण मानायचे आणि आपली माती, आपले गाव एवढेच सांगत राहायचे; किंवा जगाने स्वीकारलेला शब्द आपल्याही बाटलीवर ठळकपणे छापायचा. फ्रेंच मनाला दुसरी वाट किती जड गेली असेल, याची कल्पना बाहेरच्याला येणे अवघड आहे. फ्रान्सची सारी नियमव्यवस्था या समजुतीवर उभी आहे, की वाइन ही द्राक्षाची नसते, जागेची असते. शॅब्ली म्हणजे शार्दने हे तेथे कोणी बाटलीवर सांगत बसत नाही. काओरच्या नियमांत मालबेकचे प्रमाण किमान ७० टक्के असावे आणि उरलेला भाग मेर्लो व ताना या द्राक्षांचा असावा, असे ठरलेले आहे. तथापि ते ग्राहकाला कळावे अशी गरज कुणाला वाटली नव्हती.

इ. स. २००० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात काओरच्या उत्पादक संघटनेने दुसरी वाट धरली. 'काओर' या नावाजवळ 'फ्रेंच मालबेक' ही ओळख आली, 'काळी वाइन' या जुन्या कीर्तीला उजाळा देण्यात आला आणि ज्यांच्याशी स्पर्धा त्या अर्जेंटिनाच्याच उत्पादकांना काओरमध्ये पाहुणे म्हणून बोलावून आंतरराष्ट्रीय मालबेक मेळावे भरवण्यात आले. या मोहिमेचा रोख परदेशाकडे असण्यास आणखी एक कारण होते. १९९१ च्या एव्हँ कायद्याने फ्रान्समध्ये मद्याच्या जाहिरातीवर कडक बंधने घातली आहेत. उलट युरोपीय संघाबाहेरील देशांत वाइनच्या प्रचारासाठी, २००८ च्या सुधारणांनंतर, निम्म्यापर्यंत खर्च संघाच्या निधीतून मिळू लागला. स्वदेशात बोलण्यास बंदी आणि परदेशात बोलण्यास अनुदान, असा हा मोठा मौजेचा प्रकार आहे.

या धोरणाचा लाभ झाला हे नाकारता येणार नाही. अमेरिका-कॅनडातील जो ग्राहक काओर हा शब्द वाचून बाटली परत फळीवर ठेवत असे, तो मालबेक वाचून थांबू लागला. तंत्रज्ञान आणि भांडवल यांचा ओघही उलटा फिरला. कातेना यांच्यासाठी मेंडोसात काम केलेले अमेरिकी तज्ज्ञ पॉल हॉब्ज काओरमधील विगुरू घराण्याबरोबर भागीदारीत वाइन करू लागले. पुझेच्या काड्यांनी सुरू केलेला प्रवास दीडशे वर्षांनी असा माघारी आला.

परंतु उसन्या शब्दाबरोबर उसना मापदंडही येतो. 'मालबेक' वाचून बाटली उघडणाऱ्याला मेंडोसाचा पिकलेला गोडवा अपेक्षित असतो. काओरची चुनखडीच्या पठारावरील वाइन त्याला आखडलेली, आंबटसर वाटू शकते. ती दोष नसून प्रकृती आहे, हे समजावणारा दरवेळी शेजारी उभा नसतो. मग काही उत्पादकांनी मऊ, लवकर पिण्याजोगी वाइन काढून या अपेक्षेशी जुळवून घेतले. ते चुकले असे म्हणवत नाही, कारण त्यांनाही घर चालवायचे आहे. मात्र सपाट, यंत्राने छाटता येणाऱ्या मोठ्या बागांमधून येणाऱ्या वाइनशी किमतीत टक्कर देणे लोतच्या कुटुंबाला परवडणारे नाही. त्या मैदानात काओर नेहमीच दुसरा राहणार.

माझ्या मते मालबेक हे नाव घेणे अपरिहार्य होते. चूक झाली ती तेथे थांबण्यात. 'फ्रेंच मालबेक' एवढे सांगितल्यावर ग्राहकाचा पुढचा प्रश्न 'मग फरक काय?' असा असतो. त्याचे उत्तर नदीकाठच्या गाळाची पायरी, तिच्या वरच्या दगडगोट्यांच्या पायऱ्या आणि त्याहून वरचे चुनखडीचे पठार यांत दडलेले आहे. नदीजवळची वाइन लवकर खुलते, पठारावरची वर्षानुवर्षे टिकते. जाणकार उत्पादक हे अलीकडे बाटलीवर आणि बोलण्यातही मांडू लागले आहेत. हे आधी व्हावयास हवे होते. आपल्याकडे मलावीत पिकलेला हापूस मुंबईच्या बाजारात आला, तेव्हा देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांसमोर नेमका हाच पेच उभा राहिला होता. वाण प्रवास करतो, माती करत नाही, हे ग्राहकाला पटवल्याखेरीज जादा दर मिळत नाही. मालबेकच्या काड्या तर आता नाशिक परिसरातही रुजल्या असून तेथील काही वायनरी या नावाची वाइन बाजारात आणतात. साहजिकच 'मूळचे आमचे' हा काओरचा दावा दिवसेंदिवस अधिक गर्दीत ऐकू जाणार आहे.

त्यातच काळ उलटला आहे. अमेरिकेने विमाननिर्मितीच्या वादातून ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रेंच वाइनवर २५ टक्के जादा शुल्क लावले. ते मार्च २०२१ मध्ये स्थगित झाले. पुढे २०२५ मध्ये युरोपीय मालावर पुन्हा १५ टक्के शुल्क आले, तर अर्जेंटिनाला त्या वर्षी एप्रिलमध्ये १० टक्क्यांचा दर लागला होता. लाल वाइनचा खप सर्वत्र उतरणीला लागला आहे आणि काओर या नावाने केवळ लाल वाइनच विकता येते. पांढरी किंवा गुलाबी वाइन केली तर ती दुसऱ्या, कमी वजनाच्या नावाखाली विकावी लागते. अर्जेंटिनाची निर्यातही अलीकडच्या वर्षांत घसरली असल्याने ज्या लाटेवर स्वार व्हायचे होते ती लाटच ओसरते आहे. एप्रिल २०२४ च्या हिमतडाख्याने तर काओरचे बहुतांश पीक कोंब फुटतानाच जाळले. १९५६ ची आठवण असलेली माणसे या खोऱ्यात अजून आहेत.

त्याच वर्षी फ्रेंच सरकारने बागा कायमच्या उपटणाऱ्यास हेक्टरी ४ हजार युरो देण्याची योजना जाहीर केली. २००० नंतरच्या दशकात सुमारे चार हजार हेक्टरांवर असलेले काओरचे क्षेत्र आधीच बरेच आक्रसले आहे. ज्यांच्याकडे स्वतःचे गिऱ्हाईक आहे ते टिकून आहेत. घाऊक व्यापाऱ्याला माल देणारे बागायतदार मात्र मोळीने उपटलेल्या वेलांचा आणि पुनर्लागवडीच्या सोडून दिलेल्या हक्काचा हिशेब घालीत आहेत. त्यांच्यापैकी किती जण पुढच्या छाटणीपर्यंत थांबतात, यावर काओर या नावाखाली नेमके किती मालबेक उरेल ते ठरणार आहे.