समजून घ्या : जहाजाचे लोखंडही जेव्हा अँटेना होते

पनवेलजवळच्या न्हावा-शेवा बंदरात येणाऱ्या प्रत्येक मालवाहू जहाजावर अनेक अँटेना असतात. पण रेडिओलहरी फक्त अँटेनाच सोडत नाही. ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरींची लांबी १०० ते १० मीटर असते. जहाजाचा मास्ट किंवा क्रेनही साधारण याच मापाची. त्यामुळे त्या धातूतही प्रवाह वाहतो आणि तोही लहरी सोडतो. परिणामी काही दिशांना सिग्नल वाढतो, काही दिशांना जवळपास नाहीसा होतो. संकटाचा संदेश नेमका त्याच दिशेला जायचा असेल तर?

उपाय संगणकावर आहे. जहाजाच्या धातूचे छोटे तुकडे कल्पून प्रत्येकातला प्रवाह काढला जातो. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतले १९८१ चे ‘एनईसी-२’ सॉफ्टवेअर आज मोफत मिळते. म्हणूनच अँटेनाची जागा आराखड्यातच ठरायला हवी, शेवटी उरलेल्या कोपऱ्यात नव्हे.