कविता काय फक्त मोर्च्यालाच?

परवा बिंदू चौकात, बाबासाहेब हयात असताना १९५० साली बसवलेल्या पुतळ्यांपुढंच, एक कार्यकर्ता माझ्यावर उखडला. ‘शिफ्ट सुटली की चहाच्या गाड्यावर कविता वाचत बसतोस. वरल्या आळीचा नाद हाय ह्यो!’

गड्या, १८५४ साली ‘काव्यफुले’ छापलं ते सावित्रीबाईंनी. १९७२ चा ‘गोलपिठा’ ढसाळांचा. मग नाद कुणाचा? वेद ऐकला तर शूद्राच्या कानात शिसं ओता, असं ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांच्या वारसांनी निवांत वाचावं आणि आपण नुसत्या घोषणा द्याव्यात, ही वाटणी केली कुणी? आणि ती आपणच का पाळायची?

मोर्च्यात मी पुढंच असतो. पण रात्री आई भाकऱ्या थापते, मी शेजारी बसून हळू वाचतो. मधेच तिचा हात थांबतो. म्हणते, ‘परत वाच.’