नमुन्याआधी पाण्याची वाट

उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे पडत राहिला. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले आणि गावकऱ्यांना टँकरची वाट पाहत दिवस काढावे लागले. 2017च्या उन्हाळ्यात तिथल्या कचरा डेपोला आग लागली, लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि धुराची छायाचित्रे सगळीकडे झळकली. जमिनीखाली सरकणाऱ्या पाण्याचे छायाचित्र मात्र निघत नाही. त्याची वाट शोधून दाखवणे हे भूजलशास्त्रज्ञ, पर्यावरण अभियंते आणि नमुने गोळा करणाऱ्या तंत्रज्ञांचे काम आहे.

2016च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी भरावभूमीच्या हद्दीपासून 50 मीटरच्या आतल्या भूजलाची तपासणी उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर अशी ऋतूंनुसार करायला सांगितले. नव्या भरावभूमीच्या तळाशी 90 सेंटिमीटर चिकणमाती आणि तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचा एचडीपीई प्लॅस्टिकचा पडदा असावा, असेही त्यात होते. जुन्या उघड्या डेपोंखाली असे काहीच नाही. तिथे निरीक्षण विहीर हाच पहिला पहारेकरी. पण ती नेमकी कुठे, किती खोल आणि कोणत्या थरात घ्यायची, हे नियमाच्या पुस्तकातून नाही, तर खडकावरून ठरते.

आणि आपला खडक सोपा नाही. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टचा. वर मुरूम, खाली कुठे सच्छिद्र मांजऱ्या खडक, कुठे काळा कठीण पाषाण, दोन लाव्हाप्रवाहांच्या सांध्यात तांबडा मातकट थर. पाणी इथे फटींतून आणि सांध्यांतून चालते. एका बोअरला स्वच्छ पाणी लागावे आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या बोअरला लिचेटची, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या दूषित पाण्याची, फट लागावी, हे इथे सहज घडू शकते. कुंपणाच्या चार कोपऱ्यांत चार बोअर मारले की अट पुरी होते. दूषित पाणी कोणत्या वाटेने निघाले, याचे उत्तर मिळतेच असे नाही.

अशी वाट कशी शोधतात, याचे उदाहरण म्हणजे कॅनडातला बोर्डन लष्करी तळ. तिथे 1940 ते 1976 या काळात कचरा पुरला गेला. पुढे संशोधकांनी तिथल्या वाळूच्या थरात वेगवेगळ्या खोलींवरून नमुने घेतले आणि क्लोराइडचा शेकडो मीटर लांब पट्टा नकाशावर उतरवला. वाळू बरीचशी एकसारखी असूनही एकाच खोलीवरचा नमुना तिथे पुरला नसता. मग फटींच्या खडकात तर खोलीनुसार वेगळे नमुने घेण्याला पर्यायच नाही.

आपल्याकडच्या नेहमीच्या बोअरमध्ये मुरमापुरता केसिंग पाइप घालतात आणि खालचे भोक उघडे सोडतात. शेतीला ते चालते. डेपोशेजारी तेच भोक वरच्या दूषित थराला खालच्या चांगल्या थराशी जोडते आणि नमुन्यात दोन्हींचे पाणी मिसळते. निरीक्षण विहिरीत ठरावीक थरापुरताच जाळीचा पाइप हवा, त्याभोवती वाळू आणि वर बेंटोनाइट चिकणमातीचा घट्ट बूच हवा. हा खर्च निविदेत सुरुवातीपासूनच धरला पाहिजे.

नमुन्याच्या बाटलीआधी टेप विहिरीत सोडावी. किमान तीन विहिरींतली पातळी एकाच दिवशी मोजून समुद्रसपाटीच्या संदर्भाने मांडली, तर उताराची दिशा प्राथमिक का होईना, हाती लागते. ती जानेवारीत एक आणि पावसाळ्यात दुसरी असू शकते. शेजारच्या शेतातली मोटर चालू असेल तर तिसरीच. नंतर साचलेले पाणी उपसावे. विद्युतवाहकता आणि सामू स्थिर झाल्यावरच बाटली भरावी. विरघळलेल्या धातूंसाठीचा नमुना जागेवरच गाळून त्यात आम्ल घालावे.

अहवाल वाचतानाही घाई नको. समजा, डेपोच्या वरच्या अंगाला क्लोराइड लिटरला 40 मिलिग्रॅम आहे आणि खालच्या अंगाला ते तीन वर्षांत 60 वरून 180 वर गेले. पिण्याच्या पाण्याची 250ची मर्यादा ओलांडलेली नाही, म्हणून कागदावर सारे ठीक दिसते. प्रत्यक्षात कचऱ्याचे पाणी येऊन पोहोचत असल्याची ती ठळक खूण असू शकते. क्लोराइड खडकात फारसे अडत नाही, म्हणून ते आधी येते. नायट्रेट वाढले तर खत की कचरा, हा वाद वरच्या अंगाची विहीर नसेल तर सुटतच नाही.

येत्या पावसाआधी प्रत्येक डेपोच्या निरीक्षण विहिरींची खोली, जाळीचा थर आणि पातळीच्या जुन्या नोंदी एकत्र काढाव्यात. वरच्या अंगाला विहीर नसेल, तर ती आधी घ्यावी. आणि ज्या शेतकऱ्याच्या विहिरीतून नमुना नेला, त्याला मराठीत लिहिलेला अहवाल घरपोच द्यावा: पाणी प्यायचे की नाही, गुरांना पाजायचे की नाही, पुढची तपासणी कधी. त्याच्या घरी तेच पाणी रोज रांजणात भरले जाते.